गर्भ रिसेप्टर बंद करतो तेव्हा

हार्मोनबद्दल बोलताना सगळे एकच विचारतात, रक्तात किती आहे? कमी असेल तर वाढवा, आणि मग 'हार्मोन बॅलन्स' करणाऱ्या पावडरी खपतात. पण रक्तात हार्मोन भरपूर असलं तरी पेशीत त्याचा रिसेप्टर, म्हणजे ते हार्मोन ओळखून धरणारं प्रोटीन, नसेल तर त्या पेशीच्या लेखी ते नसल्यातच जमा. मेंढी गाभण राहते ती याच जोरावर.

मेंढी साधारण 17 दिवसांनी माजावर येते. बीज सुटलं की अंडाशयात त्या जागी पीतपिंड तयार होतो, तो प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन सोडतो आणि त्यावर गर्भाशय गर्भ सांभाळायला तयार राहतं. गर्भ नसेल तर दोनेक आठवड्यांनी गर्भाशयाच्या अस्तरात आधी इस्ट्रोजेनचे रिसेप्टर वाढतात, मग ऑक्सिटोसिनचे, आणि ऑक्सिटोसिन तिथे जाऊन बसलं की अस्तर प्रोस्टाग्लँडिन या रसायनाचे झटके सोडतं, त्यात पीतपिंड संपतो, मेंढी परत माजावर.

गर्भ असेल तर तो इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रोटीन सोडतो. इंटरफेरॉन म्हणजे एरवी व्हायरसशी लढणारी मंडळी! इथे मात्र ते अस्तराच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टरचं जीनच दाबून ठेवतं, त्यामुळे पुढे ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर वाढतच नाहीत, झटके बसत नाहीत, पीतपिंड वाचतो. मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की गर्भ नवीन हार्मोन ओतत नाही, ऐकणारंच बंद करतो. हे प्रोटीन मुख्यतः जिथे सुटतं तिथल्याच अस्तरावर काम करतं, आणि गर्भ त्याच दिवसांत मण्याएवढ्या आकारावरून 10 सेंटीमीटरहून लांब दोरा होऊन अस्तरभर पसरतो. केंब्रिजच्या मूर आणि रोसन यांनी 1966 मध्येच दाखवलं होतं की 12व्या दिवसाआधी गर्भ काढला तर मेंढी वेळेवर माजावर येते, 13व्या दिवसानंतर काढला तर लांबतं.

आणखी एक गंमत, याच सुमारास अस्तराच्या वरच्या पेशींतून प्रोजेस्टेरॉनचेही रिसेप्टर गायब होतात! ते उरतात खालच्या स्ट्रोमाच्या, म्हणजे आधार देणाऱ्या थराच्या पेशींत, तिथून ग्रोथ फॅक्टर (वाढीचे संदेश देणारी प्रोटीनं) सुटतात आणि वरच्या पेशींना काम लावतात.

मग वार (प्लॅसेंटा) धरते. मेंढीत ती एकसलग नसते, गर्भाशयावरच्या 60 ते 100 उंचवट्यांवर वेगवेगळी रुजते. तिच्या दोन केंद्रकांच्या पेशी प्लॅसेंटल लॅक्टोजेन नावाचं हार्मोन बनवतात, आणि साधारण 50-60 दिवसांनंतर वार स्वतःच पुरेसं प्रोजेस्टेरॉन बनवते, तेव्हापासून अंडाशय काढले तरी गर्भ टिकतो. माणसात हे इंटरफेरॉनचं प्रकरण नाही, तिथे गर्भाकडून येणारं एचसीजी हे हार्मोन थेट पीतपिंडाच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. आपलं प्रेग्नन्सी किट हे एचसीजीच शोधतं, म्हणून ते मेंढीवर चालत नाही.