दशांश व कारभारीपण

दशांश व कारभारीपण : उत्पन्नाचा दहावा भाग देवाचा मानून तो मंडळीच्या कार्यासाठी आणि गरजूंसाठी वेगळा काढण्याच्या ख्रिस्ती प्रथेला दशांश (पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात ‘दशमांश’) म्हणतात. उरलेले नऊ भागही आपल्या मालकीचे नसून विश्वासाने सोपवलेले आहेत आणि त्यांचाही हिशेब द्यायचा आहे, ही या प्रथेची दुसरी बाजू. तिला कारभारीपण अशी संज्ञा आहे. कोकण किनारपट्टीवर वसई-साष्टीपासून अलिबाग, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही परंपरांचे ख्रिस्ती लोक राहतात. भात, आंबा, मासळी आणि मुंबईहून येणारा पैसा या वाटांनी त्यांच्या घरात उत्पन्न येते. यांपैकी कशाचा दहावा भाग काढायचा, आणि कोणता खर्च वजा जाता काढायचा, हा येथील दशांशाचा खरा प्रश्न आहे.

अब्राहामाने शालेमचा राजा व याजक मलकीसदेक याला लुटीचा दहावा भाग दिला (उत्पत्ती १४:२०) आणि याकोबाने बेथेल येथे तसाच नवस केला (उत्पत्ती २८:२२), हे जुन्या करारातील सर्वांत आधीचे उल्लेख होत. नियमशास्त्रातील तरतुदी मात्र एकजिनसी नाहीत. लेवीय २७:३०–३३ नुसार जमिनीचे धान्य व झाडाचे फळ यांचा दशांश परमेश्वराला पवित्र असून तो पैसे देऊन सोडवायचा झाल्यास किमतीचा पाचवा हिस्सा जादा भरावा लागे. गुराढोरांपैकी काठीखालून जाणारे प्रत्येक दहावे जनावर निवड न करता द्यावे लागे. गणना १८ मध्ये हाच दशांश वतनहीन लेव्यांना (पवित्रस्थानाची सेवा करणाऱ्या लेवी वंशातील लोकांना) दिलेला असून, लेव्यांनी त्यातला दहावा भाग पुन्हा याजकांना द्यावा, असे म्हटले आहे. अनुवाद १४:२२–२९ मध्ये तर दशांश देणाऱ्यानेच तो कुटुंबासह पवित्रस्थानी जाऊन खायचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच लेवी, उपरा, अनाथ व विधवा यांच्यासाठी ठेवायचा आहे.

या तीन तरतुदींचा मेळ कसा घालायचा, यावर जुना वाद आहे. रब्बींच्या (यहुदी धर्मशास्त्र्यांच्या) परंपरेने पहिला दशांश लेव्यांचा, दुसरा यरुशलेमेत खायचा आणि सात वर्षांच्या चक्रातील तिसऱ्या व सहाव्या वर्षी दुसऱ्याच्या जागी गरिबांचा दशांश, अशी व्यवस्था मानली. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवली जात असल्याने दशांशच नसे. शंभर मण भाताच्या राशीवर हा हिशेब मांडला, तर याजकाचा आरंभीचा वाटा (रब्बींनी मध्यम मनाच्या माणसासाठी तो पन्नासावा भाग ठरवला होता) म्हणजे दोन मण प्रथम बाजूला जातो. उरलेल्या ९८ मणांचा दहावा भाग ९.८ मण लेव्यांचा, आणि राहिलेल्या ८८.२ मणांचा दहावा भाग ८.८२ मण दुसऱ्या दशांशाचा. म्हणजे दर शंभरात वीस मणांहून थोडे अधिक बाजूला पडते. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसीफस आणि तोबीत या प्राचीन यहुदी ग्रंथाचा काही हस्तलिखितांतील पाठ मात्र तिसऱ्या वर्षी गरिबांसाठी स्वतंत्र तिसरा दशांश होता, असे दर्शवतात. उलट एकोणिसाव्या शतकापासून अनेक अभ्यासकांनी ही निरनिराळ्या काळांतील विधींची एकावर एक बसलेली पुटे मानली. त्यांच्या मते एकाच वेळी दोन वा तीन दशांश प्रत्यक्षात वसूल होत असतीलच, असे नाही. हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र त्यामुळे ‘शास्त्राप्रमाणे दहा टक्के’ हे व्यासपीठावरून सहज उच्चारले जाणारे विधान तितकेसे सरळ राहत नाही, हे ध्यानात ठेवायला हवे.

नव्या करारात दराचा आदेश नाही. पुदिना, शेप व जिरे यांचा दशांश काटेकोरपणे देऊन न्याय, दया व विश्वास सोडून देणाऱ्यांना येशूने दोष दिला (मत्तय २३:२३), पण दशांश चुकीचा ठरवला नाही. पौलाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे (१ करिंथ १६:२) आणि कुरकुर न करता, संतोषाने द्यावे (२ करिंथ ९:७), असे सांगितले.

पाश्चात्त्य मंडळीत दशांश सक्तीचा होण्याचा काळ साधारणपणे सहाव्या ते आठव्या शतकांतला मानला जातो. ५८५ च्या माकाँ (फ्रान्स) येथील धर्मसभेने तो न देणाऱ्यास बहिष्काराची शिक्षा सांगितली आणि ७७९ मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या फर्मानाने त्याला राज्यसत्तेचे पाठबळ दिले. पुढे धर्मविधिज्ञांनी त्याचे भेद पाडले. जमिनीतून थेट येणाऱ्या पिकाफळांचा दशांश भूमिज म्हटला गेला आणि तो मशागतीचा खर्च वजा न करता राशीवरच द्यायचा होता. माणसाच्या श्रमातून, व्यापारातून वा कारागिरीतून येणारा दशांश वैयक्तिक मानला गेला आणि तो खर्च वजा जाता उरलेल्या निव्वळ नफ्यावर होता. जनावरे, दूध, लोकर यांचा दशांश मिश्र या तिसऱ्या वर्गात पडे. सक्तीच्या वसुलीने लोकांच्या मनात जी कटुता साठली, तिची परिणती फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीत दशांश रद्द होण्यात झाली. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने त्याचे रोख आकारात रूपांतर झाले.

कोकणात दशांशाची कल्पना प्रथम पोर्तुगीजांबरोबर आली, पण ती राजसत्तेमार्फत. समुद्रापारच्या मुलखातील धर्मव्यवस्थेचा अधिकार पोपच्या आज्ञापत्रांनी ख्रिस्तसंघ या पोर्तुगीज लष्करी धर्मसंघाकडे व १५५१ पासून कायमचा पोर्तुगालच्या राजाकडे आला होता. दशांशाचा हक्क राजाचा आणि त्याबदल्यात देवळे बांधण्याची व पाद्रींच्या पोषणाची जबाबदारीही राजाचीच, असे त्याचे स्वरूप होते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई मिळाल्यावर उत्तर प्रांतातील (वसई व आसपासच्या पोर्तुगीज मुलखातील) गावे ‘फोरो’ नावाच्या वार्षिक खंडावर दिली गेली; फोरो हा जमिनीचा खंड होता, दशांश नव्हे, आणि या दोहोंची गल्लत होऊ नये. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर परदेशी धर्मसंघ बव्हंशी निघून गेले आणि एतद्देशीय पाद्रींनी गावोगावच्या मंडळ्या सांभाळल्या. देवळाचा खर्च गावाने उचलण्याची सवय याच काळात पक्की झाली असावी. आजच्या कॅथलिक धर्मसंहितेत (१९८३) मंडळीच्या गरजा भागवण्याचे कर्तव्य सांगितले आहे, पण दर सांगितलेला नाही. त्यामुळे वसई (स्थापना १९९८) व सिंधुदुर्ग (स्थापना २००५) या धर्मप्रांतांत रविवारचे अर्पण, मिसेचे (कॅथलिक उपासनाविधीचे) दान आणि फेस्ताचा (देवळाच्या सणाचा) खर्च हेच देण्याचे मुख्य मार्ग आहेत. साष्टीतील ईस्ट इंडियन (येथील मूळचे मराठीभाषक कॅथलिक) लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ करतात आणि नव्या भाताच्या लोंब्या देवळात आशीर्वादासाठी नेतात. हा प्रथमफळांचा विधी आहे आणि दशांशापेक्षा तो या भूमीत अधिक खोल रुजला आहे.

प्रॉटेस्टंटांची वाट वेगळी. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ च्या सुमारास बाणकोट व हर्णै येथे काम सुरू केले. अमेरिकन मराठी मिशनचे काम अलिबाग-रेवदंडा परिसरात होते, आणि पुढे रत्नागिरी व वेंगुर्ले येथे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन आले. पाळक, शाळा व दवाखाने बहुतांशी परदेशी निधीवर चालत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील हेन्री व्हेन व अमेरिकेतील रूफस अँडरसन या मिशन संस्थांच्या चिटणिसांनी मंडळीने स्वतःचा कारभार, खर्च व प्रसार स्वतः करावा, असे तत्त्व मांडले. अँडरसन १८५४-५५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या पाहणीसाठी स्वतः येऊन गेले. तरीही घेण्याची सवय लागलेल्या मंडळीला देण्याची सवय लावणे सोपे नव्हते. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडले, ही या संदर्भात केवळ चरित्रातली नोंद नाही. परक्या पैशावर उभी असलेली भक्ती देशी होऊ शकत नाही, ही जाण तिच्यामागे होती.

प्रत्यक्ष व्यवहारात अडचण येते ती हिशेबाची. हापूसचा बागायतदार पेट्या वाशीला पाठवतो आणि दलालाकडून पट्टी (विक्रीचा हिशेब) येते. तिच्यावर विक्रीची रक्कम वर असते, खाली दलाली, हमाली व गाडीभाडे वजा होऊन हाती येणारा आकडा असतो, आणि त्यातूनही फवारणी, राखण व हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडायची असते. भूमिज दशांशाचा जुना नियम लावला तर दहावा भाग पट्टीच्या वरच्या आकड्यावर निघतो, मोहोर गळालेल्या वर्षीसुद्धा. वैयक्तिक दशांशाचा नियम लावला तर तो शेवटच्या शिलकीवर येतो आणि वाईट वर्षी शून्यही होतो. अनेक कुटुंबे मधला मार्ग धरतात: दलालीसारखा जो पैसा कधी हाती आलाच नाही तो सोडायचा, पण घरखर्च वा कर्जाचा हप्ता वजा करायचा नाही.

मासळीबाबत शास्त्रवचन मूक आहे. नियमशास्त्रात धान्य, द्राक्षारस, तेल व जनावरे येतात, समुद्र येत नाही. नाखवा डिझेल व बर्फाचा खर्च काढून उरलेल्यात होडीचा, जाळ्याचा व खलाशांचा वाटा करतो, आणि ज्याचा त्याने आपल्या वाट्यातून द्यायचे, हे वैयक्तिक दशांशाच्या तत्त्वाशी जुळते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात देण्यासारखे काही नसते. मासिक लिफाफ्यांची शहरी पद्धत किनाऱ्यावरच्या मंडळीला म्हणूनच नीट बसत नाही. हंगामी देणे हा तिथे हलगर्जीपणा समजू नये. चाकरमान्याच्या पैशाबाबत दुहेरी मोजणीचा प्रश्न उद्भवतो: मुलाने मुंबईच्या मंडळीत दशांश देऊन उरलेले घरी पाठवले, तर आईवडिलांनी त्यावर पुन्हा दशांश द्यायची आवश्यकता नाही, असे मानणे न्यायाचे आहे.

आयुष्यभर दशांश देत आलेल्यांच्या अनुभवातून काही गोष्टी ठामपणे पुढे येतात. महिनाअखेर जे उरेल त्यातून द्यायचे ठरवले तर ते क्वचितच उरते. पैसा हाती येताच बाजूला काढला, तरच तो निघतो. नवराबायकोचे एकमत नसेल तर देणे घरातल्या धुसफुशीचे कारण होते, म्हणून दर आधी दोघांनी ठरवावा लागतो. सावकाराचे देणे थकवून दिलेला दशांश कारभारीपणाशी विसंगत आहे, कारण पहिल्या वचनाचा भंग करून दुसरे पाळले जात नाही. मलाखी ३:१० मधील आकाशकपाटे उघडण्याच्या अभिवचनाचा अर्थ ‘द्या म्हणजे दुप्पट मिळेल’ असा अलीकडे काही सभांतून लावला जातो, तो गरीब श्रोत्यांना फसवणारा आहे. ते वचन लेवी व मंदिराचे भांडार यांची उपासमार करणाऱ्या संपूर्ण राष्ट्राला उद्देशून होते. एकेका भाविकाशी केलेला तो व्याजाचा करार नव्हे.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कापणीच्या सणाला वेदीपुढे नारळ, सुपारी, भोपळे, अंडी, कोंबड्या मांडल्या जातात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एखाद्या विधवेचा नारळ घेणारा पैसे भरून तो पुन्हा लिलावात ठेवतो, दुसरा घेतो, तोही परत ठेवतो, आणि एका नारळाची बोली अनेकदा वसूल होते. जमा रक्कम खजिनदार तिथेच वाचून दाखवतो. ख्रिस्ती विश्वस्त संस्थांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करावे लागतात. परंतु सभासदांपुढे मराठीत वाचलेला वार्षिक जमाखर्च त्याहून अधिक परिणामकारक ठरतो, कारण कारभारीपणाची अपेक्षा देणाऱ्याइतकीच घेणाऱ्या मंडळीकडूनही आहे, आणि जिथे हा हिशेब दडवला जातो तिथे दशांश आटतो.