न घेतलेल्या शॉटचं गणित

16 नोव्हेंबर 2023 रोजी अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलमधली, आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क घरच्या मैदानावर कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या संघाविरुद्ध खेळली. तिने एकूण 32 शॉट मारले, त्यातले 9 पडले. तीन गुणांच्या रेषेबाहेरून (तिथून पडलेल्या शॉटला दोनऐवजी तीन गुण मिळतात) 16 मारले, त्यातले फक्त 2 पडले. आयोवा 65-58 अशी हरली. दहाच दिवसांनी हेच दोन संघ फ्लोरिडातल्या स्पर्धेत पुन्हा भिडले. या वेळी क्लार्कने 32 गुण केले आणि आयोवा 77-70 ने जिंकली. संघ तेच, प्रशिक्षक तेच, समोरचा बचावही तोच. मग पहिल्या सामन्यात रेषेबाहेरून हुकलेल्या त्या 14 शॉटचं श्रेय नक्की कुणाचं?

क्लार्कने त्या मोसमात रेषेबाहेरून सुमारे 38 टक्के शॉट बसवले. एवढं कौशल्य असलेल्या खेळाडूने 16 शॉट मारले आणि बचावाचा काहीच परिणाम झाला नाही असं धरलं, तरी दोन किंवा त्याहून कमी पडण्याची शक्यता जवळजवळ 3 टक्के निघते. म्हणजे पस्तीसेक सामन्यांत एकदा असा दिवस उगवणारच. आयोवाने त्या मोसमात 39 सामने खेळले. कॅन्सस स्टेटने काहीच केलं नाही असं मला म्हणायचं नाही. पण नुसता ‘16 पैकी 2’ हा आकडा बचावाची साक्ष म्हणून उभा करता येत नाही.

अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेषा 1987-88 च्या मोसमात आली. तेव्हा ती बास्केटच्या मध्यापासून 6.02 मीटरवर होती. 2011-12 मध्ये ती 6.32 मीटरवर गेली आणि 2021-22 पासून आंतरराष्ट्रीय अंतरावर, म्हणजे 6.75 मीटरवर आहे. (पुण्या-मुंबईत आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे आखलेल्या मैदानांवर हीच रेषा असते.) कोपऱ्यात बाजूची रेषा आड येते, म्हणून तिथे अंतर थोडं कमी, 6.6 मीटरच्या आसपास भरतं.

या अंतरावरून शॉट मारायला काय लागतं ते पाहू. चेंडू साधारण 2.1 मीटर उंचीवरून 50 अंशांच्या कोनात सुटला, तर त्याला सेकंदाला 8.7 मीटर वेग लागतो आणि रिंगपर्यंत पोहोचायला 1.2 सेकंद लागतात. तो रिंगमध्ये सुमारे 42 अंशांनी उतरतो. रिंगचा व्यास 45.7 सेंटिमीटर असला, तरी तिरकस येणाऱ्या चेंडूला तेवढं तोंड मिळत नाही. 42 अंशांनी येणाऱ्याला ते 31 सेंटिमीटरचं भासतं आणि महिलांचा चेंडू असतो सुमारे 23 सेंटिमीटरचा. तोच चेंडू 45 अंशांनी सुटला असता, तर रिंगचं तोंड 27 सेंटिमीटरच्याही आत आलं असतं. फेकीचा कोन पाच अंशांनी कमी झाला की मोकळी जागा निम्म्यावर येते. एवढ्या बारीक फरकांवर सगळं ठरत असेल, तर उत्तम नेमबाजाचेही दहातले सहा शॉट चुकतात यात नवल नाही. कॉलेज खेळाच्या पहिल्या, म्हणजे सर्वोच्च विभागातल्या महिला संघांची सरासरी तर तीस टक्क्यांच्या थोडी वर असते.

इथे योगायोगाला भरपूर वाव आहे. समजा, प्रतिस्पर्धी संघ तुमच्याविरुद्ध दर सामन्यात 20 थ्री-पॉइंटर, म्हणजे रेषेबाहेरचे शॉट, मारतात आणि त्यांची खरी क्षमता 31 टक्क्यांची आहे. सरासरी सहा पडतील, पण एखाद्या दिवशी चार आणि दुसऱ्या दिवशी आठ पडले तर त्यात काहीच वावगं नाही. या दोन दिवसांत फरक 12 गुणांचा, म्हणजे सामना फिरवणारा. तीस सामन्यांच्या अख्ख्या मोसमात 600 शॉट होतात. तरीही निव्वळ नशिबाने ही टक्केवारी 27 ते 35 च्या दरम्यान कुठेही जाऊ शकते. सत्तावीसवाला संघ ‘देशातला सर्वोत्तम परिमिती बचाव’ (म्हणजे रेषेजवळचा बचाव) म्हणून मिरवतो आणि पस्तीसवाल्या संघाच्या प्रशिक्षकाला जाब विचारला जातो.

केन पॉमरॉय या आकडेतज्ज्ञाने पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलची आकडेवारी घेऊन हे तपासलं होतं. साखळी सामन्यांच्या पहिल्या टप्प्यात एखाद्या संघाविरुद्ध थ्री-पॉइंटर किती टक्के पडले, यावरून दुसऱ्या टप्प्यात किती पडतील याचा जवळजवळ काहीच अंदाज येत नाही, असं त्याला आढळलं. मात्र प्रतिस्पर्ध्यांनी असे शॉट किती प्रमाणात घेतले, हा आकडा बराच टिकून राहतो. थोडक्यात, शॉट पडणार की नाही यावर बचावाचा ताबा फारच थोडा असतो, पण तो घेतला जाणार की नाही यावर बऱ्यापैकी असतो. महिलांच्या खेळात हे वेगळं असायचं मला काही कारण दिसत नाही. योगायोगाचं गणित स्त्री-पुरुष पाहत नाही.

यावर कुणीही विचारील की तोंडासमोर हात असताना मारलेला शॉट मोकळ्या शॉटपेक्षा अवघड असतोच ना? असतोच. पण ज्या खेळाडूसमोर हात आहे ती बहुतेक वेळा शॉट मारतच नाही. ती पास देते, ड्रिबल करून आत घुसते किंवा एक पाऊल पुढे येऊन दोन गुणांचा शॉट घेते. चांगल्या बचावाची खूण घेतलेल्या शॉटच्या टक्केवारीत उमटत नाही, कारण त्याची खरी कमाई न घेतलेल्या शॉटमध्ये असते. आणि न घेतलेल्या शॉटचा रकाना कुठल्याच गुणपत्रकात नसतो.

आता हे शॉट घेऊच न देण्याची कामगिरी मैदानावर कशी होते? सगळ्यात नेहमीचा प्रसंग असा. चेंडू डाव्या बाजूला आहे. उजव्या कोपऱ्यातल्या शूटरची डिफेंडर मदतीसाठी बास्केटसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात, शूटरपासून साधारण पाच मीटरवर उभी आहे. डावीकडून उजव्या कोपऱ्यात आडवा लांब पास जातो. दहा-बारा मीटरचं अंतर कापायला चेंडूला अंदाजे एक सेकंद लागतो. चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंत शूटरला आणखी सहा-सात दशांश सेकंद. डिफेंडरला पास ओळखून पहिलं पाऊल उचलायला पाव सेकंद जातो. तिच्याकडे उरतात दीडएक सेकंद, आणि उभ्या जागेवरून पाच मीटर धावायला चपळ खेळाडूला सव्वा सेकंद पुरतो. कागदावर ती पोहोचली.

पण ती नुसती पोहोचून चालत नाही. पूर्ण वेगात आलेल्या डिफेंडरसमोर शूटर मारल्यासारखं करते, ही हवेत उडते आणि शूटर तिच्या बगलेतून आत निघून जाते. म्हणून शेवटच्या दीड-दोन मीटरमध्ये लहान लहान पावलं टाकत वेग मारायचा, कंबर खाली ठेवायची आणि हात मात्र वर न्यायचे. या धावण्याला ‘क्लोजआउट’ म्हणतात. थांबण्यात गेलेला वेळ मोजला की हिशेब तुटीत जातो. ही तूट पायांच्या वेगाने भरून निघत नाही, आधी उभं कुठे राहायचं यानेच भरते. मदतीला जाताना पट्ट्यात एक मीटर कमी शिरलं, तर परतीचे साधारण दोन दशांश सेकंद वाचतात. सरावात प्रशिक्षक ‘पास हवेत असतानाच हला’ म्हणून ओरडत असतात ते याच दोन दशांशांसाठी.

हात वर नेण्यामागेही शास्त्र आहे. नेदरलंड्समधल्या राऊल आउडेयान्स आणि सहकाऱ्यांनी 2002 साली कुशल खेळाडूंना काचा क्षणात अपारदर्शक होणारे चश्मे घालून जंप शॉट मारायला लावले. चेंडू डोक्यावर उंच नेऊन मारणाऱ्या खेळाडूंना सुटण्याआधीच्या अगदी शेवटच्या काही दशांश सेकंदांत बास्केट दिसलं, तरी त्यांचा नेम जवळपास नेहमीसारखाच लागला. उलट, सुरुवातीला दिसलं आणि शेवटी झाकलं गेलं, तर नेम चांगलाच बिघडला. म्हणजे अशा शूटरला त्रास द्यायचा असेल, तर हात त्या शेवटच्या क्षणी तिच्या नजरेच्या आड यायला हवा. चेंडू अडवण्याच्या आशेने मारलेली झडप मुळात क्वचितच लागते, आणि चुकून हाताला लागली तर तीन फ्री थ्रो, म्हणजे बिनअडथळ्याचे एकेका गुणाचे शॉट. कॉलेजमधल्या महिला सत्तर टक्क्यांच्या आसपास फ्री थ्रो बसवतात असं धरलं, तर त्या एका फाउलची किंमत 2.1 गुण होते. नुसता शॉट मारू दिला असता तर 31 टक्क्यांच्या हिशेबाने 0.93 गुण गेले असते. मला विचाराल तर थ्री-पॉइंटरवरचा फाउल ही या खेळातली सगळ्यात महाग चूक आहे.

कॉलेजच्या नियमांतली एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. बचाव करणाऱ्या खेळाडूने पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये, हा डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगचा नियम कॉलेजमध्ये नाही. त्यामुळे उंच खेळाडूला बास्केटखाली ठाण मांडून बसवता येतं आणि पुढे दोन, मागे तीन असा झोन (जिथे प्रत्येकजण खेळाडूऐवजी ठरलेली जागा सांभाळते) सर्रास दिसतो. तो बास्केटजवळची जागा झाकतो, पण कोपरे उघडे टाकतो. मग सगळेच कोपरे झाकायचे का? नाही. इथे ‘कोण’ हा प्रश्न ‘किती’पेक्षाही मोलाचा ठरतो.

2023 च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात डॅलसला हे फार उघडपणे दिसलं. तोवर मोसमात एकही सामना न हरलेल्या साउथ कॅरोलायनाविरुद्ध आयोवाने पट्ट्यात गर्दी केली आणि बाहेर काही जणींना चक्क मोकळं सोडलं. क्लार्कने तर रेषेबाहेर चेंडू घेऊन उभ्या असलेल्या रेवन जॉन्सनकडे ‘मार खुशाल’ अशा अर्थाने हात झटकला. कर्णधाराने कव्हर रिकामं ठेवून फलंदाजाला ड्राइव्हचं आमिष दाखवावं, तसाच हा प्रकार. साउथ कॅरोलायनाचे रेषेबाहेरून 20 पैकी 4 पडले आणि आयोवा 77-73 ने जिंकली. दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात एलएसयूची (लुइझियाना स्टेट विद्यापीठाची) राखीव खेळाडू जॅस्मिन कार्सन मैदानात आली आणि तिने सहापैकी पाच थ्री-पॉइंटर बसवले. त्यातला मध्यंतराच्या ठोक्यावरचा तर फळ्याला आपटून आत गेला. एलएसयू 102-85 ने जिंकली. पहिल्या दिवशीची योजना थोर आणि दुसऱ्या दिवशीची भिकार, असं म्हणणं सोपं आहे. पण जुगार शहाणपणाचा होता की नाही हे पत्ते उघडल्यावर ठरवायचं नसतं. फळ्याला लागून आत जाणाऱ्या शॉटविरुद्ध योजना कसली करणार?

प्रतिस्पर्ध्यांना मात्र क्लार्कसारखीला मोकळं सोडण्याचा प्रश्नच नव्हता. एरवी शूटरसाठी सहकारी स्क्रीन लावते, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत उभी राहून तिला अडवते, तेव्हा मध्यम नेमबाज असेल तर डिफेंडर स्क्रीनच्या मागून, म्हणजे बास्केटच्या बाजूने जाते आणि शॉटचा धोका पत्करते. क्लार्क मात्र नऊ मीटरवरूनही मारायची. तिथून मारायला रेषेवरच्या शॉटपेक्षा 30 टक्के जास्त ऊर्जा चेंडूला द्यावी लागते. ती तेवढी देऊ शकते म्हटल्यावर तिच्यासाठी लावलेल्या स्क्रीनच्या मागून जायची सोयच उरत नाही. स्क्रीनच्या पुढून, तिच्या अंगाला चिकटून जावं लागतं आणि मग आपोआपच पाठीमागे जागा उघडी पडते.

5 एप्रिल 2024 रोजी क्लीव्हलंडला त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात युकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठाने) ही किंमत जाणूनबुजून मोजली. निका म्यूल क्लार्कला सावलीसारखी चिकटली. चेंडू तिच्यापर्यंत पोहोचूच नये, पोहोचला तर तोंड वळवायला जागा मिळू नये, असा बेत. पहिल्या अर्ध्यात क्लार्कचे रेषेबाहेरचे सहाही शॉट हुकले आणि तिच्या नावावर फक्त सहा गुण होते. सामन्याअखेर 11 पैकी 3 आणि 21 गुण, तिच्या मानाने कमीच. पण दोघी-दोघींची नजर सतत क्लार्ककडे लागलेली असताना आयोवाची हॅना स्टुल्की बास्केटजवळ मोकळी सापडत राहिली. तिने 23 गुण केले, दोन्ही संघांत कुणाहीपेक्षा कमी नाहीत, आणि त्यातला एकही तीन गुणांच्या रेषेबाहेरून आला नाही. आयोवा 71-69 ने जिंकली.