पॉड फिल्टर, कार्ब आणि "एअर स्क्रू" या शब्दाचा घोळ : थोडी पार्श्वभूमी

१ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस६ निकष आले आणि नव्या गाड्यांमधून कार्ब, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटर, जवळजवळ गायबच झाला. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या कुठे गेल्यात. सेकंडहँड यामाहा आरएक्स, पल्सर २२०, कार्बवाली रॉयल एनफिल्ड क्लासिक घेणारी पोरं आजही पुण्याच्या नाना पेठेतून नाहीतर ऑनलाइन कोन फिल्टर, म्हणजेच पॉड, आणून सरळ कार्बच्या तोंडावर लावतात, एअरबॉक्स, म्हणजे कंपनीच्या फिल्टरचा डबा, काढून माळ्यावर टाकतात आणि मग सगळ्यांना एकच प्रश्न विचारतात, "एअर स्क्रू किती आटे ठेवू?" म्हणजे कार्बवरचा बारीक स्क्रू पूर्ण आत पिळून परत किती फेरे बाहेर काढायचा. यावर कोणी दीड सांगतो, कोणी अडीच, कोणी तीन. कार्ब कुठला आहे हे कोणीच विचारत नाही, आणि खरी गडबड तिथेच होते. ती कशी सुरू झाली ते जरा मागे जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

तेल लावलेल्या कॉटनच्या, धुऊन परत वापरता येणाऱ्या फिल्टरचं मूळ अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला १९६९ मधे मोटरसायकलच्या धंद्यातल्या दोघांनी मिळून जी कंपनी काढली तिचं नाव पुढे अशा फिल्टरला जवळजवळ समानार्थी झालं. आपल्याकडे हे फिल्टर पोचेपर्यंत लोक फिल्टर बदलत नव्हतेच, सरळ काढून टाकत होते. १९८५ ते १९९६ या काळातल्या आरएक्स १०० वर कित्येकांनी नुसतं कार्बचं तोंड उघडं ठेवून गाड्या पळवल्या, आवाज मस्त यायचा आणि पिस्टन-रिंगा धुळीने लवकर जायच्या. कोन फिल्टर सहज मिळायला लागले ते नंतर, पल्सर-करिझ्माच्या जमान्यात.

आता मुद्द्याचं. आरएक्स असो की जुनी बुलेट, दोन्हीवर व्हीएम जातीचा स्लाइड कार्ब, म्हणजे थ्रॉटलची केबलच आतली स्लाइड वर उचलते तो. या कार्बवर बारीक पितळी स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो. तो पायलट सर्किटमधे, म्हणजे थ्रॉटल बंद किंवा जेमतेम उघडा असताना चालणाऱ्या वाटेत, जाणारी हवा कमी-जास्त करतो, म्हणून त्याचं नाव एअर स्क्रू, आणि ते बरोबरच आहे. आत पिळला की हवा कमी, मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. बाहेर काढला की हवा जास्त, मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी. दोन पिढ्यांच्या मेकॅनिकांच्या हाताला हीच सवय लागली. वही नाही, मॅन्युअल नाही, उस्तादाने हात धरून शिकवलेलं, "आत रिच, बाहेर लीन."

मग सीव्ही कार्ब आला. बाहेर तो मोटरसायकलवर १९६५ च्या होंडा सीबी४५० पासून होता, आपल्याकडे लोकांच्या नजरेत भरला तो २००३ च्या करिझ्मावर, पुढे पल्सर २२० च्या कार्बवाल्या मॉडेलवर आणि क्लासिक ३५० वर. यात केबल स्लाइड उचलत नाही, केबल फक्त बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतली गोल झडप, उघडते आणि स्लाइड वर जाते ती डायफ्राम नावाच्या पातळ रबरी पडद्यावरच्या व्हॅक्यूमने. आणि तो बारीक स्क्रू आता इंजिनाच्या बाजूला गेलाय, बटरफ्लायच्या पुढे. तो हवा मोजत नाही, आधीच तयार झालेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण किती आत सोडायचं ते ठरवतो. म्हणजे हिशोब बरोब्बर उलटा, बाहेर काढला की रिच आणि आत पिळला की लीन. याला पायलट स्क्रू किंवा मिक्श्चर स्क्रू म्हणायला हवं. पण गॅरेजमधे नाव एअर स्क्रूच राहिलं, आणि नावाबरोबर जुना नियमही राहिला.

याचा परिणाम मी स्वतःच्या २२० वर भोगलाय. पॉड लावला, पिकअप घुटमळायला लागला, उतारावर गिअरमधेच थ्रॉटल बंद केला की सायलेन्सरमधे फटाके. मेकॅनिक जाणता माणूस, पंचवीस वर्षं बुलेटवर हात बसलेला. मी म्हटलं, "मामा, लीन झालीये बहुतेक." ते म्हणाले, "हो रे, रिच करतो की." मूठ कापलेला आखूड स्क्रूड्रायव्हर काढला, गरम इंजिन आणि कार्बच्या फटीत हात घातला, मान तिरकी करून कान लावला आणि स्क्रू आत पिळला. गाडी बसायला लागली. त्यांनी लगेच दुसऱ्या हाताने स्लोचा, म्हणजे उभ्या गाडीचा वेग ठरवणारा, स्क्रू वाढवला, गाडी परत टुकटुक चालायला लागली. "झालं बघ." झालं काहीच नव्हतं, गाडी आधीपेक्षा लीन झाली होती. आठवड्याने प्लग काढला तर पोर्सलीन खडूसारखं पांढरं, लीनचीच खूण.

पण हे लपतं कसं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यामुळेच हा गैरसमज इतकी वर्षं टिकला. स्लो वाढवला की बटरफ्लाय किंचित उघडी राहते आणि तिच्या कडेला असलेली बायपासची बारीक भोकं उघडी पडतात, त्यातून पेट्रोल यायला लागतं. त्यामुळे उभी गाडी नीट वाटते. खोट कळते ती चालवताना, आणि तेव्हा दोष सगळा फिल्टरवर जातो. "पॉड लावला की इंजिन जातं" असं जे ठामपणे बोललं जातं त्यातल्या बऱ्याच गाड्या पॉडने नाही, उलट्या पिळलेल्या स्क्रूने गरम झाल्या असं माझं स्पष्ट मत आहे. ओळखायची खूण सोपी आहे. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, इंजिनाच्या बाजूला असेल तर मिश्रणाचा. स्लाइड की सीव्ही यावर पण डोळे झाकून जाऊ नये, जागा बघावी.

अर्थात पॉडही निर्दोष नाही, सीव्हीवर तर नाहीच. सीव्हीच्या मागच्या तोंडात डायफ्रामखालच्या हवेची आणि एअर जेटची भोकं असतात, पॉडची रबरी कड जाड असली तर ती अर्धी झाकली जातात आणि स्लाइड नीट उचलतच नाही, मग जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी नळी, कितीही बदला. एअरबॉक्स म्हणजे नुसता प्लास्टिकचा डबा नव्हे, त्यात हवा शांत राहते आणि स्लाइडला तीच लागते. त्याच बॉक्समधे बसणारा कॉटनचा फिल्टर लावला तर बहुतेक वेळा स्क्रूच्या अर्ध्या-पाऊण आट्यात काम भागतं. पॉडला मात्र पायलट जेट, मेन जेट आणि नीडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली पेट्रोलची सुई, तिन्ही बघावं लागतं. नीडलला खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली, म्हणजे नीडल वर, म्हणजे रिच. सीव्हीच्या बऱ्याच नीडलना खाचच एक असते, तिथे लोक खाली बारीक वॉशर टाकतात. जेटला तार घालून भोक मोठं करायची पद्धत होती, अजूनही आहे, ती वाईट आहे. एकदा भोक वेडंवाकडं झालं की जेटवरच्या नंबरला काही अर्थ उरत नाही.

कंपनीतूनच गाड्या लीन यायला लागल्या त्याला कारण नियम. २००० पासून निकष घट्ट होत गेले, २००५ ला बीएस२, २०१० ला बीएस३, २०१७ ला बीएस४. आधीच काठावर लीन असलेल्या गाडीत जास्त हवा घातली की ती काठावरून पडणारच. त्यात पीयूसी. दुचाकीची तपासणी आयडलवर, म्हणजे उभ्या चालू गाडीवर, होते, २००० नंतरच्या बीएस३ पर्यंतच्या गाड्यांना सीओची, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची, मर्यादा साडेतीन टक्के, आणि आयडलवर जे काही चालतं ते याच स्क्रूच्या हातात. त्यामुळे पीयूसीच्या आधी स्क्रू लीन करून घ्यायचा आणि नंतर परत आणायचा हे सर्रास चालायचं. परत आणायचं राहून गेलेल्या गाड्या किती असतील. कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, हेही माहीत असलेलं बरं.

आणि आता इथेनॉल. २०२२ मधे पेट्रोलमधे सरासरी दहा टक्के झालं, २०२५ मधे वीस. इथेनॉलमधे ऑक्सिजन आधीच असतो त्यामुळे तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. साध्या पेट्रोलला वजनाने एकास १४.७ हवा, तर ई२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला, साधारण १३.५. इंजेक्शनवाली गाडी सेन्सरवरून सांभाळून घेते, कार्बला यातलं काही कळत नाही, त्याचं जेट तेच, म्हणजे काहीही न करता गाडी लीन. कोणाच्या तरी २०१२ च्या ऑनलाइन पोस्टमधला "अडीच आटे" हा आकडा आजच्या पेट्रोलवर तसाच चालवणं म्हणूनच चुकीचं आहे. माझी २२० सध्या पॉड काढून परत एअरबॉक्सवर आहे, आत कॉटन फिल्टर, पायलट जेट एक नंबर मोठं, स्क्रू सव्वातीन आटे बाहेर. परवा लोणावळ्याहून येऊन प्लग काढला, बिस्किटासारखा रंग होता, म्हणजे मिश्रण बरोबर. मामांना नेऊन दाखवला. त्यांनी वाकून स्क्रूची जागा नीट बघितली, आणि आता शेल्फवर पडलेले जुने कार्ब उतरवून एकेकाच्या बॉडीवर खडूने बाण काढून ठेवलाय, रिच कुठल्या बाजूला ते.