परळीचं थर्मल आणि हवामान परिषदांची तीस वर्षांची टाळाटाळ

2025 च्या सप्टेंबरात पावसानं मराठवाड्यात होत्याचं नव्हतं केलं. सीना, सिंदफणा, मांजरा, गोदावरी, सगळ्या नद्या पात्राबाहेर आल्या. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात सडलं. कित्येकांची तर जमीनच खरडून गेली. वरची काळी माती वाहून गेली आणि खाली मुरूम उरला. ऑक्टोबरात राज्य सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात ब्राझीलमधल्या बेलेम शहरात जागतिक हवामान परिषद भरली. कोळसा, तेल आणि वायू यांतून बाहेर पडण्याचा आराखडा करा, अशी मागणी ऐंशीहून अधिक देशांनी तिथं लावून धरली होती. अंतिम ठरावात या इंधनांचं नावसुद्धा आलं नाही.

एका पावसाळ्याचं सगळं खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही. पण हवा एक अंशानं तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे पक्कं विज्ञान आहे. आणि हवा तापण्याचं सर्वांत मोठं कारण जीवाश्म इंधनं, म्हणजे हाच कोळसा, तेल आणि वायू, हेही तितकंच पक्कं आहे. मग ठरावात नाव का येत नाही?

त्यासाठी मागं जावं लागतं. 1992 साली रिओ दि जानेरोत हवामानाचा मूळ करार झाला. हवा तापवणाऱ्या हरितगृह वायूंचं प्रमाण आटोक्यात ठेवायचं, हे त्यात ठरलं. हे वायू ज्यातून येतात ते इंधन जमिनीतून काढणं कधी थांबवायचं, याबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. धुराचं मोजमाप ठरलं, चूल चर्चेबाहेर राहिली. 1995 साली बर्लिनला या करारातल्या देशांची पहिली परिषद भरली तेव्हा आणखी एक गोष्ट घडली, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मतदानानं निर्णय घेण्याच्या नियमावर एकमत झालं नाही. सौदी अरेबियासारख्या तेल विकणाऱ्या देशांचा त्याला विरोध होता. तो नियम आजपर्यंत मंजूर झालेला नाही. त्यामुळं प्रत्येक निर्णय सर्वसहमतीनं घ्यावा लागतो, आणि मूठभर देश अडून बसले तरी शे-दीडशे देशांची मागणी बारगळते. माझ्या मते पुढच्या तीस वर्षांच्या अपयशाचं मूळ इथंच आहे.

1997 च्या क्योटो करारात श्रीमंत देशांना उत्सर्जन कपातीची बंधनं आली. 2015 च्या पॅरिस करारात तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करायचं ठरलं. पण त्या अख्ख्या करारात कोळसा, तेल हे शब्द एकदाही येत नाहीत.

यात भारताची भूमिका समजून घ्यायला हवी. 1972 साली स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधींनी गरिबीचा प्रश्न जगापुढं मांडला. त्याच साली मराठवाड्यातली माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, आणि बीड जिल्ह्यातल्या परळीचं थर्मल, म्हणजे कोळशावरचं वीजकेंद्र, नुकतं कुठं सुरू झालं होतं. 30 मेगावॅटचा पहिला संच 1971 चा. वीज म्हणजे विहिरीवरची मोटर, पिठाची गिरणी, पोरांच्या अभ्यासाला उजेड. ती नको, असं कोण म्हणणार होतं? पुढं 1991 मध्ये पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी ठणकावून सांगितलं की गरिबाच्या जगण्यापुरतं उत्सर्जन आणि श्रीमंताच्या चैनीचं उत्सर्जन एका पारड्यात टाकता येणार नाही. आजही एक भारतीय माणूस वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइडला कारणीभूत ठरतो, तर अमेरिकन माणूस चौदा टनांच्या आसपास. तो मुद्दा तेव्हाही खरा होता, आजही आहे.

पण 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत त्याची ढाल झाली. कोळशाचा वापर टप्प्याटप्प्यानं 'बंद' करण्याऐवजी 'कमी' करावा, अशी दुरुस्ती शेवटच्या घटकेला भारतानं मांडली, चीननंही तोच आग्रह धरला, आणि ती मान्य झाली. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांना व्यासपीठावरच भरून आलं. भारताचं म्हणणं होतं की एकट्या कोळशावरच बोट का, तेल आणि वायूचं काय? बिनतोड प्रश्न होता. पुढच्या वर्षी शर्म अल-शेखला भारतानंच सर्व जीवाश्म इंधनं कमी करण्याचा प्रस्ताव मांडला आणि अनेक देश पाठीशी उभे राहिले, तरी तो ठरावात आला नाही. 2023 साली दुबईत, तेही एका तेल कंपनीच्या प्रमुखाच्या अध्यक्षतेखाली, जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचं आवाहन पहिल्यांदा लेखी आलं. पहिल्या परिषदेनंतर अठ्ठावीस वर्षांनी! तारीख नाही, बंधन नाही. 2024 मध्ये बाकूत विकसनशील देशांसाठी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर उभे करण्याचं ठरलं. ही रक्कम तुटपुंजी असल्याचं सांगत भारतानं भर सभेत आक्षेप नोंदवला.

परळीकडं पाहिलं की हा वाद अंगणात येतो. मराठवाडा बसाल्टच्या खडकावर वसलेला, इथं कोळशाची खाण नाही. कोळसा रेल्वेनं बाहेरून येतो आणि राख इथंच राहते. आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. ती टिप्परमधून सांडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, ज्वारीच्या पानांवर थर धरते. त्याच राखेवर वीटभट्ट्या चालतात, घरं चालतात. आणि पाणी? 2013 च्या फेब्रुवारीत दुष्काळामुळं थर्मलला पाणी मिळेना, सगळे संच बंद ठेवावे लागले. 2015 मध्ये पुन्हा तीच वेळ आली. जुने संच आता मोडीत निघालेत, एकूण 750 मेगावॅटचे तीन उरलेत.

म्हणून सरकारनं परिषदेत जाऊन कोळसा, तेल, वायू या तिघांचीही मुदत मागावी, आणि श्रीमंत देशांनी आधी थांबावं हेही त्याच दमात सांगावं, असं मला मनापासून वाटतं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हिताचं तेच आहे. त्याला जे हवं ते शक्यही आहे: वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात 2024 पासून 3 मेगावॅटचा सौर प्रकल्प शेतीपंपांना दिवसा वीज देतोय. रात्री-अपरात्री विंचूकाट्यात मोटर चालू करायला जाणाऱ्याला याची किंमत विचारा.

जुलै 2025 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानंही सल्लागार मत दिलं: जीवाश्म इंधनांचं उत्पादन, परवाने, अनुदानं यांना आवर न घालणं हे त्या देशाचं बेकायदा कृत्य ठरू शकतं. वानुआतू या चिमुकल्या बेटदेशानं हा विषय तिथवर नेला. बेलेममध्ये ठराव फसल्यावर ब्राझीलनं आराखडा स्वतः तयार करण्याचं जाहीर केलं, तर कोलंबिया आणि नेदरलँड्सनं एप्रिल 2026 मध्ये कोलंबियातल्या सांता मार्ता इथं फक्त याच विषयावर परिषद घेण्याची घोषणा केली. त्या आराखड्यात थर्मलच्या कंत्राटी कामगारांचा पगार, वीटभट्टीवरच्या कुटुंबांचं काम आणि राखेच्या तळ्यांची साफसफाई कुणाच्या पैशातून होणार, हे लिहून घ्यायला परळीचा आवाज दिल्लीमार्फत आत्ताच पोचायला हवा.