वर्गसमतोल आणि खेळसुलभता : टेबलटॉप भूमिकाखेळ

टेबलाभोवती बसून फासे, कागद आणि संभाषण यांच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिकाखेळांत प्रत्येक खेळाडूचे पात्र योद्धा, जादूगार, धर्मगुरू, चोर अशा एखाद्या वर्गाचे असते. कोणताही वर्ग निवडला तरी खेळाडूला लढतीत आणि कथेत सारख्याच वजनाचा वाटा मिळावा, या अपेक्षेला वर्गसमतोल म्हणतात. वर्ग चालवताना किती नियम लक्षात ठेवावे लागतात आणि पाळी आल्यावर किती पर्यायांतून निवड करावी लागते, यावरून त्याची खेळसुलभता ठरते. सोपा वर्ग दुबळाच असला पाहिजे असे काही नाही. पण या खेळांत तो दीर्घकाळ तसा राहिला, आणि नवख्या खेळाडूच्या हाती बहुधा तोच दिला गेला.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नसन यांच्या १९७४ सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये योद्धा, जादूगार व धर्मगुरू हे तीनच वर्ग होते, चोर १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आला. पात्राची प्रगती पातळ्यांनी मोजली जाते. पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे खेळातल्या दिवसाला एकच मंत्र असे, चिलखत नसे आणि एकदोन फटक्यांत त्याचा निकाल लागत असे. शिवाय दुसरी पातळी गाठायला योद्ध्याला २,००० अनुभवगुण (खेळताना मिळणारे प्रगतीचे गुण) पुरत, तर जादूगाराला २,५०० लागत. सुरुवातीचे हाल सोसून जो तगेल त्याला पुढे अफाट सामर्थ्य मिळावे, असा हा सौदा होता. मोहीम, म्हणजे त्याच पात्रांची अनेक बैठकांत चालणारी कथा, दीर्घकाळ चालली तरच तो न्याय्य ठरे. थेट वरच्या पातळीवरून खेळ सुरू केला की जादूगाराला किंमत न मोजताच फळ मिळत असे.

याच खेळाच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने सर्व वर्गांना अनुभवगुणांचा एकच तक्ता लावला. हिशेब सुटसुटीत झाला, पण जादूगाराच्या वाढीवरचा एक जुना लगाम सुटला. योद्धा बेरजेने आणि जादूगार गुणाकाराने वाढू लागला. ड्रूइडची, म्हणजे निसर्गमंत्र वापरणाऱ्या वर्गाची, तऱ्हा तर आणखी निराळी होती : त्याच्या सोबतचे जनावरच कधीकधी शेजारच्या योद्ध्याच्या बरोबरीने लढत असे, आणि त्याशिवाय त्याचे स्वतःचे मंत्र असतच. याच आवृत्तीत दिसायला आकर्षक पण प्रत्यक्षात कुचकामी असे अनेक पर्याय होते, त्यामुळे पात्र घडवतानाच अनुभवी आणि नवा खेळाडू यांच्यात दरी पडे.

२००८ सालच्या चौथ्या आवृत्तीने जवळजवळ सर्व वर्गांना एकाच साच्यात बसवले : काही क्षमता केव्हाही वापराव्यात, काही लढतीतून एकदा, काही दिवसातून एकदा. आकड्यांचा समतोल याआधी इतका कधी साधला नव्हता, असे म्हणायला हरकत नाही. मात्र सोपा वर्गच उरला नाही. ज्याला फक्त तलवार चालवायची होती त्यालाही दर पाळीला क्षमतांची यादी चाळावी लागे, आणि सगळे वर्ग सारखेच भासतात ही तक्रार वाढली. २०१० च्या ‘इसेन्शियल्स’ मालिकेत दैनिक क्षमतांविना, साध्या वारावर भर देणारा योद्धा परत आणावा लागला.

पाचव्या आवृत्तीने (२०१४) एकाच वर्गात सोपी आणि अवघड अशा दोन्ही वाटा ठेवल्या. चॅम्पियन हा योद्धा फाशावर १९ किंवा २० पडताच जबर घाव घालतो, त्यासाठी खेळाडूला काही ठरवावे लागत नाही. बॅटल मास्टर या दुसऱ्या प्रकारच्या योद्ध्याला मात्र डावपेचांचे फासे जपून खर्चावे लागतात. जादूगाराशी तुलना केली की अडचण कुठे आहे ते दिसते. पाचव्या पातळीचा योद्धा लांब तलवारीने दोन वार करतो. ताकदीची भर ४ धरली आणि दोन्ही वार लागले, तर सरासरी १७ इजा होते. त्याच पातळीचा जादूगार फायरबॉल हा आगीच्या स्फोटाचा मंत्र टाकतो तेव्हा टप्प्यात सापडलेल्या प्रत्येक शत्रूला सरासरी २८ इजा होते आणि बचाव-फेक (इजा टाळण्यासाठी टाकलेला फासा) साधणाऱ्यालाही निम्मी बसते. पण असे मंत्र टाकण्याच्या जागा (संधी) त्याच्याकडे दोनच असतात, म्हणजे दिवसभरात अनेक लढती झाल्या तरच हिशेब जुळतो. २०१४ च्या नियमपुस्तकाने दिवसाला सहा ते आठ लढतींची कुवत गृहीत धरली होती. अनेक टेबलांवर एखाद-दुसरीच होते. समतोलाची निम्मी जबाबदारी त्यामुळे डंजन मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराच्या, वेळापत्रकावर पडते, आणि वर्गांचे तक्ते कितीही घोटून काढले तरी ती टळत नाही.

लढतीबाहेरची विषमता आकड्यांत मावत नाही. दरी आडवी आली तर जादूगार उडून जातो, पहारेकऱ्याला भुरळ घालतो. योद्ध्याला कौशल्याचा फासा टाकून नशीब आजमावावे लागते.

रॉब हाइन्सू व जोनाथन ट्वीट यांच्या ‘थर्टीन्थ एज’ या भूमिकाखेळाने (२०१३) वर्गांचा सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रमच छापला : बार्बेरियन (रानटी लढवय्या) सर्वांत सोपा, जादूगार अवघड टोकाला. ही साधी माहिती इतर पुस्तकांनीही द्यायला हवी होती. ट्वीट यांनीच मार्क राइन-हेगन यांच्यासह रचलेल्या ‘आर्स मॅजिका’ने (१९८७) तर पात्रांच्या समानतेचा आग्रहच सोडला. तेथे जादूगार उघडपणे वरचढ असतात. त्यांच्या खालोखाल सोबती आणि मग साधे सेवक-शिपाई येतात, आणि खेळाडू या भूमिका आळीपाळीने घेतात.