पोलाद एकदाच कण्हतं

केशवनगरच्या कुंभारवाड्यात माठ घेताना आपण बोटाने टकटक करतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. पूर्वी रेल्वेची चाकंही अशीच हातोडीने ठोकून बघत. पण माठ आपणहून काही सांगत नाही, आणि चीर बऱ्यापैकी मोठी असल्याशिवाय त्याचा सूरही बदलत नाही.

धातू मात्र चिरतानाच बोलतो. कल्हईसाठी वापरतात ती शुद्ध कथिलाची कांडी कानाजवळ धरून वाकवा, बारीक करकर ऐकू येईल. आतल्या स्फटिकांची रचना झटक्यात बदलते, त्याचा तो आवाज. पोलादाचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही इतकंच. आपला कान २०,००० हर्ट्झला थकतो. धातूचं हे बोलणं यंत्राने ऐकण्याच्या तंत्राला अकूस्टिक एमिशन म्हणतात, आणि त्यात साधारण १ ते ३ लाख हर्ट्झच्या पट्ट्यात कान लावतात. त्याखाली यंत्रांच्या घरघरीचाच बाजार भरलेला असतो.

चाकणला बनलेला एखादा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, एका दणक्यात सहसा मोडत नाही. पेलवेल असाच भार लाखो वेळा येतो आणि जातो, तेव्हा कुठे केसाएवढी चीर पडते. बाइंडिंगची तार उलटसुलट वाकवून तोडतात, तोच प्रकार, पण फार सावकाश. याला फटीग म्हणतात. चीर टोकाशी जराशी सरकली की साठलेली थोडी ऊर्जा लहर बनून सुटते. ग्रीस लावून चिकटवलेला पिझो सेन्सर, म्हणजे कंपनाची वीज करणारी चकती, ती टिपतो. पोलादात ही लहर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात सुमारे ५ मिलीमीटर जाते. म्हणून दोन-तीन सेन्सरपाशी ती किती मागेपुढे पोचली, यावरून चिरेची जागा काढता येते. सेन्सर नीट ऐकतोय ना, हे तपासायला काय करतात? पेन पेन्सिलीचं अर्धा मिलीमीटर जाडीचं शिसं त्या भागावर टेकवून मोडतात! लाखोंच्या यंत्रणेची परीक्षा दप्तरातल्या वस्तूने होते, याची मला अजून गंमत वाटते.

या विषयातली खरी मेख योझेफ कायझर यांनी १९५० साली म्युनिकच्या प्रबंधात मांडली. धातूवर एकदा भार देऊन काढला आणि पुन्हा दिला, तर आधीच्या कमाल भारापर्यंत तो गप्प राहतो. झालेल्या दुखण्याबद्दल तो पुन्हा तक्रार करत नाही. फटीगची चीर हा नियम मोडते: भार तेवढाच, तरी चीर पुढे सरकतेय म्हणून आवाज येतच राहतात. कमी भारालाही आवाज येऊ लागले तर प्रकरण गंभीर समजायचं. अर्थात सैल बोल्ट, घासणारे सांधे, पत्र्यावरचा पाऊस हेही मध्येच बडबडतात, आणि चिरेचे दोन काठ एकमेकांवर घासले तरी आवाज होतो. त्यातून कामाचं निवडण्यातच तंत्रज्ञाचा बराच वेळ जातो.

जुन्या पुलाच्या गर्डरला आज सेन्सर लावला तर काल पडलेली चीर त्याला ऐकू येणार नाही. ती पुढे सरकेल एवढा जड ट्रक जाईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून रात्रभर सेन्सर गप्प राहिला, तर सकाळी पहिला प्रश्न असतो: पुलावरून गेलं काय काय?