स्लीपमधून न उठणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर स्लीपला गेला आणि परत आलाच नाही, किंवा आला पण स्क्रीन काळीच राहिली, किंवा आला पण उघडी ठेवलेली सगळी कामं गायब, या तिन्ही प्रकारांना लोक एकच म्हणतात, "पीसी उठत नाहीये". नाशकात त्यावरचा ठरलेला इलाज म्हणजे पॉवर बटण दाबून धरायचं आणि असं दोनचारदा झालं की एम.जी. रोडला नेऊन फॉरमॅट मारून आणायचा. फॉरमॅटनं कधीकधी फरक पडतोही, पण ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यातलं आपलं कुठलं ते आधी कळलं तर बऱ्याचदा फॉरमॅटपर्यंत जावंच लागत नाही.

स्लीपमध्ये होतं काय, तर प्रोसेसर, पंखे, डिस्क सगळं बंद होतं आणि फक्त रॅमला, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीला, थोडा करंट चालू राहतो, कारण उघडी कामं तिथेच असतात. डेस्कटॉपमध्ये हा करंट एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या, जांभळ्या वायरीतून येतो, ती ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन, कॉम्प्युटर बंद दिसत असतानाही चालू असणारी. या अवस्थेला एस३ म्हणतात आणि रॅममधलं डिस्कवर लिहून पूर्ण बंद होणाऱ्या हायबरनेटला एस४. ही नावं एसीपीआय नावाच्या मानकातली, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये आणलेल्या. उठताना आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, जागं होतं, मग विंडोज एकेका ड्रायव्हरला, म्हणजे एकेक भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, उठवत जातं, ग्राफिक्स, वायफाय, यूएसबी, आणि यातला एखादा अडून बसला की सगळंच अडतं.

म्हणून बटणाकडे हात जायच्या आधी कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबून बघायचं. दिवा लागतोय-विझतोय म्हणजे कॉम्प्युटर जागा आहे, फक्त चित्र येत नाहीये. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, बीप वाजतो, स्क्रीन एकदा लवलवते आणि बऱ्याचदा सगळं जसंच्या तसं समोर येतं. नाही आलं तर मॉनिटर त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद-चालू करायचा आणि इनपुट बघायचं, डिस्प्लेपोर्टवर लावलेले काही मॉनिटर स्वतःच असे गाढ झोपतात की कॉम्प्युटर उठला तरी त्यांना पत्ता नसतो. कॅप्स लॉकचा दिवा हललाच नाही आणि पंखे मात्र फिरतायत, तर मग कुठलातरी ड्रायव्हर अडकलाय किंवा रॅम नीट परत आली नाही, बायोसमधलं एक्सएमपी सेटिंग लावून रॅम नेहमीपेक्षा जास्त वेगानं पळवणाऱ्यांनी हा भाग आधी तपासावा, ते बंद करून एकदोन दिवस बघावं. पंखेसुद्धा फिरत नसतील तर पॉवर बटण हळूच एकदा दाबायचं, दाबून धरायचं नाही, चारेक सेकंद धरलं की कॉम्प्युटर सरळ बंद होतो आणि न सेव्ह केलेलं गेलं. बटणानं उठतो पण कीबोर्ड-माऊसनं उठत नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कीबोर्डच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जागं करायची परवानगी आहे का बघा, टिक नसते एवढंच निघतं.

तिसरं दुखणं, उघडी कामं गायब होण्याचं, आपल्याकडे पावसाळ्यात जास्त. लाईट जाते, इन्व्हर्टर लगेच घेतो असं वाटतं, पण साध्या मोडवरचा इन्व्हर्टर बदलायला जो क्षण लावतो तेवढ्यात रॅम रिकामी होते, मग सकाळी बटण दाबलं की विंडोज पहिल्यापासून सुरू होतं आणि माणूस म्हणतो स्लीप बिघडलंय. बिघडलेलं काहीच नसतं. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा स्विच असतो तो टाकायचा, किंवा हायब्रिड स्लीप चालू ठेवायचं, त्यात रॅमची एक प्रत डिस्कवरही जाते. लाईट गेल्यावर घड्याळही चुकत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला, बटणाएवढा, ३ व्होल्टचा असतो.

नक्की काय झालं हे विंडोज लिहून ठेवतं, बघत कुणी नाही. इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची नोंदवही, तिच्या सिस्टिम भागात कर्नल-पॉवरची ४२ नंबरची नोंद म्हणजे स्लीपला गेला, पॉवर-ट्रबलशूटरची १ नंबरची नोंद म्हणजे नीट उठला, आणि ४२ नंतर थेट ४१ दिसली तर मध्येच वीज गेली, नाहीतर आपणच बटण दाबून धरलं. वेळ जुळवली की समजतं. ड्रायव्हरचा संशय असेल तर ग्राफिक्स आणि चिपसेटचे ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून घ्यावेत, बायोसही. आणि शटडाउन करून चालू करणं म्हणजे कोरी सुरुवात नाही, विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा आतला गाभा डिस्कवर साठवून तोच परत उचलला जातो, खरी कोरी सुरुवात रीस्टार्टनं होते.

नव्या लॅपटॉपचं गणित निराळं. त्यात एस३ बऱ्याचदा नसतंच, मॉडर्न स्टँडबाय असतं, म्हणजे स्क्रीन बंद पण आत थोडं काम चालू. नाशिकरोडला झाकण लावून बॅगेत टाकलेला लॅपटॉप पंचवटी एक्सप्रेसमधून दादरला उतरल्यावर गरम आणि बॅटरी संपलेला निघतो तो यामुळेच. आपल्याकडे कुठला प्रकार आहे ते कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश ए (powercfg /a) टाकलं की कळतं. असा लॅपटॉप मेल्यासारखा पडला तर चार्जर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरावं, मग चार्जर लावून चालू करावं. झाकणाच्या कडेला लोहचुंबक आणि त्याखाली सेन्सर असतो, त्यामुळे चुंबकाच्या पट्ट्याचं घड्याळ मनगटाला असलं तरी स्क्रीन विझू शकते, हे दुकानदारालाही पटकन सुचत नाही.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर एक घोळ हमखास होतो. दिंडोरी-निफाडकडून माणूस नुसता सीपीयू मोटारसायकलवर मांडीत धरून आणतो, दुकानात दुसरा मॉनिटर, दुसरा कीबोर्ड, दुसरी लाईट, तिथे तो दहादा स्लीपला जाऊन दहादा उठतो, आणि घरी नेला की पुन्हा तेच, कारण बिघाड घरी राहिलेल्या मॉनिटरमध्ये, केबलमध्ये नाहीतर स्पाइक बस्टरमध्ये होता. निदान केबल आणि कीबोर्ड बरोबर आणावेत, आणि कधी झालं ती तारीख-वेळ सांगावी. सगळं तिथेही तसंच होत असेल तर दुसरा एसएमपीएस लावून बघायला सांगा, स्टँडबाय लाइन कमजोर झालेली असते आणि तो बदलणं मदरबोर्डपेक्षा बरंच स्वस्त.

तोवर काम अडू नये म्हणून हायबरनेट वापरावं. विंडोजमध्ये ते मेन्यूत लपवलेलं असतं, कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून बाहेर काढावं लागतं, उठायला थोडा जास्त वेळ घेतं, पण लाईट गेली तरी उघडी कामं जात नाहीत.